कुरूचा माग: गुणात्मक संशोधनाने सोडवलेलं एक वैद्यकीय कोडं

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात फोरे नावाचा समाज राहतो. रताळ्याची शेती करणारी, डुकरं पाळणारी ही माणसं. 1950 च्या दशकात या समाजातल्या बायका आणि मुलं एका भयंकर आजाराने मरत होती. सुरुवातीला चालताना तोल जाई, मग अंगाला कंप सुटे, जीभ जड होई. काही जणींना विनाकारण हसू फुटे. ताप नाही, जखम नाही, पण आजार एकदा जडला की साधारण वर्षभरात माणूस जाई. फोरे लोक त्याला कुरू म्हणत. 1957 ते 1968 या काळात दक्षिण फोरेंच्या सुमारे 8,000 वस्तीत 1,100 हून अधिक माणसं कुरूने गेली. काही पाड्यांत बायका इतक्या कमी उरल्या की शेत आणि लेकरं दोन्ही पुरुषांना एकट्याने सांभाळावी लागत होती.

सामाजिक शास्त्रांत ज्याला गुणात्मक संशोधन म्हणतात, त्याबद्दल आपल्याकडे एक समज पक्का आहे: लोकांशी गप्पा मारायच्या, चार वाक्यं टिपायची आणि अहवाल लिहायचा. आकडे नाहीत, तर त्यात शास्त्र कसलं, असं चांगली शिकलेली माणसंही विचारतात. मला हा समज फार खुपतो. म्हणून कुरूची गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते, कारण इथे गप्पांमधून निघालेल्या माहितीने वैद्यकशास्त्राची वाट बदलली.

व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायडुशेक या डॉक्टरांनी 1957 मध्ये कुरूचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलं. त्यांनी जिवापाड मेहनत घेतली होती. डोंगर तुडवत रुग्ण शोधले, रक्त तपासलं, मेलेल्यांच्या मेंदूचे नमुने परदेशी पाठवले. मेंदूची हानी स्पष्ट दिसत होती, पण जंतुसंसर्गाची नेहमीची एकही खूण सापडत नव्हती. आकडे मात्र बोलके होते. प्रौढांमध्ये रुग्ण बहुतेक बायकाच होत्या, मुलांमध्ये मात्र मुलगे आणि मुली दोन्ही होते. शिवाय आजार ठरावीक घराण्यांत पुन्हा पुन्हा दिसे. यावरून आनुवंशिकतेची शंका बळावली. कुरूचं एखादं जनुक असावं, ते बायकांमध्ये एका प्रकारे आणि पुरुषांमध्ये दुसऱ्या प्रकारे प्रकट होत असावं, असं गणित मांडलं गेलं आणि आकड्यांवर ते बसतही होतं.

हे गणित पक्कं करायला वंशावळी हव्या होत्या. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठातले जनुकतज्ज्ञ हेन्री बेनेट यांनी त्यासाठी रॉबर्ट ग्लास आणि शर्ली ग्लास या मानवशास्त्रज्ञ दांपत्याला 1961 मध्ये फोरे प्रदेशात पाठवलं. शर्ली पुढे शर्ली लिंडेनबॉम या नावाने ओळखल्या गेल्या. दोघं वानिताबे या ठिकाणी लोकांमध्येच राहू लागले.

त्यांनी जे केलं त्याला सहभागी निरीक्षण म्हणतात. पापुआ न्यू गिनीच्याच ट्रोब्रियांड बेटांवर पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी ही पद्धत नावारूपाला आणली होती. लोकांमध्ये राहायचं, त्यांची भाषा शिकायची, रोजचं जगणं बघायचं आणि रोजच्या रोज लिहून काढायचं. प्रश्नावली घेऊन एका दुपारी येणाऱ्या माणसाला लोक जे सांगतात आणि शेजारी राहणाऱ्याला जे दिसतं, त्यांत बरंच अंतर असतं. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या तेव्हा त्यांनाही हे अनुभवाला आलं. एकाच वाटेने, एकाच विठ्ठलाचं नाव घेत चालणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवायला मात्र वेगळी बसत होती. असा तपशील बरोबर चालणाऱ्यालाच टिपता येतो.

ग्लास दांपत्याने वंशावळी लिहायला घेतल्या आणि थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आलं की आनुवंशिकतेच्या गणिताचा पायाच डळमळीत आहे. फोरे ज्यांना भाऊबहीण म्हणत ती सगळी रक्ताची नव्हती. लढायांमुळे गाव सोडून आश्रयाला आलेली कुटुंबं काही काळाने भावकीतच धरली जात. एकत्र राबणं, मेजवानीत वाटा उचलणं, संकटात उभं राहणं यांतून नातं तयार होई आणि मग ते जन्माचंच असल्यासारखं सांगितलं जाई. आपल्याकडे चुलतभावाची ओळख करून देताना आपण सहज ‘हा माझा भाऊ’ म्हणतो. त्यावरून बाहेरच्या माणसाने जनुकांचा तक्ता काढला, तर तो चुकणारच. इंग्लंडचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी वंशावळीच्या पद्धतीत ही काळजी आधीच घालून दिली होती: प्रत्येक नात्यासाठी जन्म देणारी आई आणि बाप कोण, हे वेगळं विचारून घ्यायचं. तसं विचारल्यावर कळलं की एका घराण्यातले म्हणून धरलेले कितीतरी रुग्ण एकमेकांच्या रक्ताचे नव्हतेच.

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण गुणात्मक पद्धतीचं खरं काम कुठे असतं ते या जागी स्पष्ट दिसतं. आकडे मोजणाऱ्यांनी मोजणीत चूक केली नव्हती. रुग्णांची संख्या बरोबर होती, टक्केवारी बरोबर होती. पण ज्या चौकटीत ते आकडे भरले जात होते ती बाहेरून आणलेली होती आणि ती इथल्या लोकांना लागू आहे का, हे तपासलं गेलं नव्हतं. किती, हे मोजण्याआधी कशाला काय म्हणायचं हे ठरावं लागतं आणि ते संबंधित माणसांकडूनच समजून घ्यावं लागतं.

दुसरा शोध काळाचा होता. ग्लास दांपत्याने म्हाताऱ्या माणसांना विचारलं, तुम्ही कुरू पहिल्यांदा कधी पाहिला? आजार पिढ्यान् पिढ्यांचा असता, तर या प्रश्नाला उत्तरच मिळालं नसतं. पण लोकांना तो आल्याचं लख्ख आठवत होतं. पाड्यातली पहिली रोगी बाई कोण, ती कोणाची बायको, तेव्हा सांगणारा किती मोठा होता, हे सगळं ते सांगत. पहिले रुग्ण थरथरताना पाहून लोकांना सुरूच्या झाडाची हलणारी पानं आठवली होती. म्हणून इलाज म्हणून त्यांना डुकराच्या मांसाबरोबर सुरूची साल खायला घालत. इतका बारीक तपशील वेगवेगळ्या गावांतल्या माणसांनी स्वतंत्रपणे सांगितला, तेव्हा ती नुसती दंतकथा राहिली नाही.

सालं माहीत नसलेल्या समाजात काळ ठरवायचा म्हणजे चिकाटीचं काम. अमक्याचं लग्न झालं होतं का, तमका रांगत होता की शिकारीला जात होता, असे धागे जोडत जावं लागतं. अशा आठवणी गावोगावच्या जोडल्यावर आजाराच्या प्रवासाचा नकाशा तयार झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास तो वायव्येकडच्या शेजाऱ्यांमध्ये दिसला, 1920 नंतर फोरे प्रदेशात शिरला आणि तिथून दक्षिणेकडे सरकत गेला. जीवघेणं जनुक दोन-तीन पिढ्यांत इतकं पसरणं जवळपास अशक्य. म्हणजे आनुवंशिकतेचा सिद्धान्त दुसऱ्या बाजूनेही कोसळला.

मग आजार पसरत होता कशातून? फोरेंमध्ये मेलेल्या आप्तांचं मांस खाण्याची चाल होती आणि तीही फार जुनी नव्हती, उत्तरेकडच्या शेजाऱ्यांकडून आलेली होती. डॉक्टरांच्या कानावर ही गोष्ट होती, पण तिचे तपशील कोणी नीट विचारले नव्हते. हा विषय कुतूहलाने चघळण्याचा नाही. फोरेंसाठी तो शोकविधी होता. आपलं माणूस मातीत किड्यांनी खावं, त्यापेक्षा त्याच्यावर माया करणाऱ्यांनी त्याला आपल्यात सामावून घ्यावं, ही त्यामागची भावना. कोणाच्या वाट्याला काय येणार, हे नात्याने ठरलेलं असे. दक्षिण फोरेंमध्ये मोठे पुरुष यापासून बहुधा दूर राहत. डुकराच्या मांसावर त्यांचा पहिला हक्क असे आणि ते बायकांपासून वेगळ्या, पुरुषांच्या घरात झोपत. लहान मुलगे मात्र सहा-सात वर्षांचे होईपर्यंत आईपाशी असत आणि ती देईल ते खात. मेंदूसुद्धा बायका आणि मुलंच खात. अतिसाराने किंवा कुष्ठरोगाने गेलेल्यांचं शव टाळलं जाई, कुरूने गेलेल्यांचं टाळलं जात नसे.

आता सुरुवातीचे आकडे पुन्हा बघा. प्रौढांमध्ये बायका, मुलांमध्ये दोन्ही, पुरुष जवळपास नाहीत. जे गणित जनुकाने बसवलं होतं ते कोणी काय खाल्लं या माहितीने जास्त सरळ बसलं. प्रयोगशाळेतूनही वेगळा धागा आला होता. मेंढ्यांना होणाऱ्या स्क्रेपी या रोगाशी कुरूचं साम्य असल्याचं विल्यम हॅडलो यांनी 1959 मध्ये दाखवून दिलं होतं, आणि स्क्रेपी एका मेंढीतून दुसरीत संक्रमित करता येत होता. 1966 मध्ये गायडुशेक, गिब्ज आणि आल्पर्स यांनी कुरू चिंपांझींमध्ये संक्रमित झाल्याचं जाहीर केलं. 1968 मध्ये मॅथ्यूज, ग्लास आणि लिंडेनबॉम यांनी शोकविधी आणि कुरू यांचा संबंध ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. 1976 मध्ये गायडुशेक यांना नोबेल मिळालं. अशा रोगांच्या मागे वेडंवाकडं घडी पडलेलं प्रथिन, म्हणजे प्रायॉन, असतं ही कल्पना स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये मांडली आणि 1997 मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं.

खुद्द फोरेंचं उत्तर वेगळं होतं. कुरू म्हणजे चेटूक. चेटक्या पुरुष आपल्या सावजाच्या उष्ट्याचा तुकडा, केस किंवा कपड्याची चिंधी मिळवतो, पानांत गुंडाळून ओल्या जमिनीत पुरतो आणि पुरचुंडी कुजत जाते तसा माणूस खंगत जातो. लिंडेनबॉम यांनी हे गैरसमज म्हणून बाजूला सारलं नाही. कोण कोणावर संशय घेतं, भांडणं कुठे पेटतात, लोक उष्टं आणि केस इतके जपून का लपवतात, हे त्यांनी लिहून ठेवलं. 1962-63 मध्ये फोरेंनी मोठमोठ्या सभा भरवून चेटूक करणाऱ्यांना ते थांबवण्याची विनवणी केली, तेव्हा तिथली भाषणंही त्यांनी टिपली. आमच्या बायका संपल्या तर आम्हीच संपू, ही भीती त्या भाषणांत आहे. समोरच्याचं स्पष्टीकरण पटलं नाही तरी ते पूर्ण ऐकून घ्यायचं, हा या पद्धतीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम आहे. ऐकून घेतल्याशिवाय लोक पुढचं काही सांगतही नाहीत.

अर्थात, माणसं सांगतात ते खरं कशावरून, हा प्रश्न रास्तच आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विल्यम एरन्स यांनी 1979 मध्ये तो कठोरपणे विचारला. रूढ नरभक्षणाच्या कहाण्या बहुतेक ऐकीव असतात, संशोधकांनी स्वतः काही पाहिलेलं नसतं, असा त्यांचा आक्षेप होता. परक्या समाजाला रानटी ठरवण्याची बाहेरच्यांची खोड त्यांना दिसत होती आणि ती खोड खरीच आहे. ग्लास दांपत्य पोहोचलं तोवर सरकार आणि मिशनऱ्यांच्या दबावाने ही चाल बंद पडत आली होती. त्यामुळे त्यांचा आधार मुलाखतींचाच होता.

अशा वेळी गुणात्मक संशोधक काय करतो? एकच गोष्ट पुरुषांना विचारतो आणि बायकांनाही. या गावात विचारतो आणि शेजारच्या वैरी गावातही. जुळत नाही ती माहिती फेकून न देता तिच्या मागे लागतो. उत्तर फोरेंमध्ये पुरुषही हे मांस खात असल्याचं कळलं, तेव्हा तिथे पुरुष रुग्ण जास्त आहेत का हे पाहावं लागतं. आपण कोण आहोत, आपल्याला पाहून लोक काय लपवतील, हेही तो वहीत लिहितो. शर्लींना बायकांच्या घरांत, त्यांच्या शेतात सहज बसता येत होतं आणि कुरू हा मुख्यतः बायकांचा आजार होता. संशोधक स्त्री असण्याचा परिणाम माहितीवर होतो, तो मान्य करून चालावं लागतं. किती मुलाखती पुरेशा, याचंही सूत्र नाही. नव्या माणसाकडून नवं काही कळेनासं झालं की थांबायचं, असा दंडक पाळतात. तो सैल वाटतो, पण प्रामाणिकपणे पाळला तर महिनोन् महिने खातो.

आणि या माहितीवरून भाकीतही करता आलं. विधी थांबल्यावर जन्मलेल्या मुलांना कुरू होणार नाही, असं ते भाकीत होतं. 1960 नंतर जन्मलेल्या कोणालाही तो झाला नाही. आधी मुलं आजारी पडायची थांबली, मग तरुण, आणि रुग्णांचं वय दरवर्षी वाढत गेलं. मायकेल आल्पर्स अनेक दशकं तिथे राहून ही नोंद ठेवत होते.

शेवटचे रुग्ण म्हातारे होते. 1996 ते 2004 या काळात आढळलेल्या 11 रुग्णांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजार शरीरात 50 वर्षांहून अधिक काळ दबा धरून राहू शकतो असं त्यातून दिसलं. ब्रिटनमध्ये वेड्या गाईंच्या रोगाने, म्हणजे प्रायॉनमुळेच होणाऱ्या गुरांच्या आजाराने, बाधित जनावरांचं मांस खाल्लेल्यांना आणखी किती वर्षं धोका आहे, याचा अंदाज बांधणाऱ्यांसाठी हा आकडा मोलाचा होता. पण माणसाला लागण नेमकी कधी झाली हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही. विधी कुठे कधी थांबले, कोण त्यात बसत असे, कोणत्या वयापर्यंत, हे माहीत असलं तरच वर्षांची वजाबाकी करता येते. म्हणून त्याच संशोधन गटातले जेरोम व्हिटफील्ड आणि त्यांचे फोरे सहकारी गावागावांतल्या वृद्धांकडे गेले आणि अंत्यविधींबद्दलचे प्रश्न त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारले.