खगोलछायाचित्र-संस्करण

आकाशातील एकाच वस्तूच्या अनेक कच्च्या फ्रेम संगणकावर दुरुस्त करून, एकमेकींवर जुळवून आणि ताणून (म्हणजे अंधूक भाग उजळवून) त्यांतून एक अंतिम चित्र तयार करण्याची प्रक्रिया. डीपस्कायस्टॅकर व सिरिल ही मोफत सॉफ्टवेअर आणि पिक्सइनसाइट हे विकतचे, ही या कामातली नेहमीची साधने.

मुंबईच्या उजळ आकाशाखाली या प्रक्रियेची ताकद कळते आणि मर्यादाही. आकाशाचा उजेड चित्रातून वजा करता येतो; त्याच्याबरोबर आलेला नॉइज (चित्रातला अनियमित दाणेदारपणा) वजा होत नाही. तो फ्रेम वाढवूनच उतरतो, तेही वर्गमुळाच्या प्रमाणात: १०० फ्रेम घेतल्या तर १० पट फायदा. पार्श्वभूमी ३ प्रतींनी (प्रत हे तेजस्वितेचे खगोलशास्त्रीय माप) उजळ असली, की तेवढ्याच दर्जासाठी सुमारे १६ पट वेळ द्यावा लागतो. हौशी निरीक्षक अमावास्येच्या सुमारास शहराबाहेरचे वांगणी-नेरळ गाठतात, ते यासाठीच. गच्चीवरूनच काम करायचे तर तेजोमेघांसाठी हायड्रोजन-अल्फाचा (तेजोमेघांतल्या हायड्रोजनच्या लाल प्रकाशाचा) ६५६.३ नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर खरा उपयोगी. दीर्घिकांचा प्रकाश सगळ्या वर्णपटात पसरलेला असल्याने तिथे त्याची फारशी मदत होत नाही. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड फिल्टरने बराच अडायचा. पांढऱ्या एलईडीचा तसा अडत नाही.

सेन्सरच्या उष्णतेने उमटणारे ठिपके वजा करण्यासाठीच्या डार्क फ्रेम झाकण लावून, मूळ फ्रेमइतक्याच एक्स्पोजरने, त्याच आयएसओवर (कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेच्या मापावर) आणि त्याच तापमानाला घ्याव्यात. दर ६-७ अंशांमागे सेन्सरचा औष्णिक प्रवाह साधारण दुप्पट होतो. त्यामुळे उकाड्यात गच्चीवर काढलेल्या फ्रेमना एसीच्या खोलीत काढलेले डार्क जुळत नाहीत, आणि चित्रात ठिपके राहतात.

फ्लॅटकडे, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या दुरुस्तीसाठीच्या फ्रेमकडे, सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि शहरी चित्रे सर्वांत जास्त तिथेच बिघडतात. पार्श्वभूमी उजळ असल्याने कोपऱ्यांतला काळोख आणि सेन्सरवरच्या धुळीची कडी इथे ठळक उमटतात. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती कापड दुहेरी, सुरकुती न ठेवता ताणून बसवावा आणि पहाटेच्या आकाशाकडे रोखून २० ते ३० फ्रेम घ्याव्यात. हिस्टोग्रामचा (पिक्सेलांच्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा मध्याच्या आसपास हवा. तोवर कॅमेरा फिरवायचा नाही, फोकसला हात लावायचा नाही. नाहीतर धुळीची कडी जागेवरून सरकते आणि दुरुस्तीनंतर एकाच्या दोन दिसतात.

स्टॅक करताना, म्हणजे फ्रेम एकमेकींवर रचताना, सिग्मा क्लिपिंग (सरासरीपासून फार दूरची मूल्ये वगळणे) वापरावे. विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या आणि उपग्रहांच्या रेघा त्याने गळून पडतात, पण त्यासाठी किमान १५-२० फ्रेम हाताशी असाव्यात. चित्रीकरणात दर काही फ्रेमनंतर दुर्बीण थोड्या पिक्सेलनी सरकवली नसेल, तर स्टॅकमध्ये तिरके ओरखडे उमटतात. ते नंतर काढणे फार जिकिरीचे.

यापुढे क्रम महत्त्वाचा. आधी कडा कापाव्यात, मग चित्र ताणण्यापूर्वीच ग्रेडियंट (एका बाजूकडे वाढत जाणारा आकाशाचा उजेड) काढावा आणि रंगांचा समतोल साधावा. पश्चिम उपनगरांतून समुद्राच्या बाजूला दिवे कमी आणि पूर्वेला जास्त, त्यामुळे चित्राची एक बाजू हमखास उजळ येते. हा उजेड मोजण्यासाठीचे नमुन्याचे बिंदू रिकाम्या आकाशावरच ठेवावेत. एखादा तेजोमेघाच्या फिकट कडेवर पडला, तर सॉफ्टवेअर ती कडच उजेड समजून खाऊन टाकते आणि भोवती काळे वलय उरते. उजेडाचा उतार मांडायला पहिल्यांदा कमी घाताची बहुपदी वापरून पाहावी. ताणणे हप्त्याहप्त्याने करावे. मृगातल्या एम ४२ तेजोमेघाचा गाभा लांब एक्स्पोजरमध्ये पांढरा पडतो. त्यासाठी ५ ते १० सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन त्या गाभ्यात मिसळतात.

चंद्र आणि ग्रहांना प्रकाशप्रदूषणाची बाधा जवळजवळ नाही, म्हणून मुंबईत सुरुवात त्यांच्यापासून करणे शहाणपणाचे. इथे व्हिडिओ घेऊन ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये सर्वोत्तम १० ते २५ टक्के फ्रेम निवडतात आणि वेव्हलेटने (बारकावे ठळक करणाऱ्या गणिती पद्धतीने) धार आणतात. गुरू १० तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे त्याचा व्हिडिओ २-३ मिनिटांपेक्षा लांबवला तर पट्ट्यांमधले बारकावे पुसट होतात. वेव्हलेट अती झाला की बिंबाच्या कडेला खोटी दुहेरी रेघ दिसू लागते. ती दिसताच मागे यावे.