एकादशीची खिचडी आणि पावाचा विटाळ

निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिक ओलांडते, तेवढ्यात फोनवर आषाढीचे विनोद फिरू लागतात. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हा त्यातला सगळ्यात मुरलेला. हल्ली त्यात नव्या टोमण्याची भर पडलीय: उपवासाचं ताटच मुळी परदेशी आहे! मग कुणी हसतं, कुणी ‘आमच्याच सणांची थट्टा का?’ म्हणत ग्रुप सोडतं.

टोमणा खोटा नाही. खिचडीत काय पडतं ते बघा. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा अँडीजच्या डोंगरांतला, शेंगदाणा आणि मिरचीही अमेरिकेचीच. रताळं तिकडचं, लाडवाचा राजगिराही तिकडचाच. जिरं आणि तूप तेवढं जुन्या ओळखीचं. गंमत म्हणजे हळद अस्सल इथली, आणि नेमकी तीच उपवासाला चालत नाही. कोथिंबिरीवरून तर एकाच मजल्यावरच्या दोन घरांत दोन मतं.

पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला, त्यानंतर अमेरिकेतली ही पिकं हळूहळू आपल्याकडे उतरली. बटाट्याची लागवड खरी वाढली ती इंग्रजांच्या काळात. उपवासाचा जुना दंडक धान्य वर्ज्य करण्याचा. कंदमुळं, फळं चालायची. नवे कंद त्या दारातून बिनबोभाट आत आले. साबुदाण्याची कथा तर अगदी अलीकडची. पूर्वी तो आग्नेय आशियातून यायचा. दुसऱ्या महायुद्धात आयात थांबली आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास टॅपिओकापासून तो करायचे कारखाने उभे राहिले. म्हणजे आपला ‘परंपरेचा’ साबुदाणा या मातीत शंभर वर्षांचाही नाही. खरी इथली ती भगर. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या उतारांवर आदिवासी शेतकरी वरई पिकवतात, नाशिकच्या गिरण्यांत ती भरडली जाते. तरी खिचडीपुढे तिला कायम दुय्यम मान. (भगर हे चक्क तृणधान्य आहे, पण तो वाद इथे उकरायला नको.)

पावाला मात्र असं सहज आत घेतलं गेलं नाही. तोही पोर्तुगिजांबरोबरच आला, पण परधर्मीयांच्या हातचा म्हणून. विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायलं आणि गाव बाटलं, अशा गोष्टी वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. बटाट्याने कुणी बाटल्याचं ऐकिवात नाही.

चहा-बिस्किटाचीही तीच गत. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. कुणी चहा घेतला, कुणी भिडेखातर कपाला नुसता हात लावला. हा बेत जुळवून आणण्यात पुढाकार होता डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांचा. गृहस्थ पक्के खोडसाळ. पुढे हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि गावभर गहजब उडाला. ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानडे-टिळकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. थट्टा करावी तर अशी जिव्हारी, असं गोपाळरावांचे चाहते म्हणतील; प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, हा वेगळा प्रश्न.

नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी वडिलांच्या सोवळ्याबद्दल लिहून ठेवलंय. बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घेतलं जाई! आता मीठ धुतल्यावर उरणार काय? नवरा, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी स्वतःही काही काळ आपली चूल वेगळी ठेवली, मग हळूहळू सगळं सोडलं. आपल्याच सोवळ्यावर त्यांच्याइतकं मोकळं हसलेलं माणूस मराठीत विरळा. पण सगळ्यांनाच ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. विटाळ जिन्नसाचा नव्हता, हात कुणाचा लागला याचा होता. नाशिकमध्येच २ मार्च १९३० ला दलितांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही.

कांद्याचं पुन्हा निराळंच. लासलगावची बाजारपेठ याच जिल्ह्यातली, आणि चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदेनवमीला भज्यांचा घाणा काढून कांद्याला चार महिने रजा. कांदा आपल्याकडे बटाट्याच्या कितीतरी आधीपासून आहे, तरी वर्ज्य तोच.

एकेकाळी बाटवणारा पाव आता रविवारी सकाळी मिसळीच्या ताटात असतो. मटकी देशी, तर्रीतली मिरची अमेरिकन, फरसाणावर गुजराती हात, शेजारी नाशिकची खूण म्हणून पापड. यातलं काय कुठून आलं यावर इथे कुणी चिडत नाही. पुणेकराने मिसळीत पोहे घातले आणि वर स्लाइस ब्रेड ठेवला, की मात्र नाशिककराच्या भावना दुखावतात.