सदस्यत्वाच्या राजकीय अटी

सदस्यत्वाच्या राजकीय अटी : प्रादेशिक संघात नव्याने येऊ पाहणाऱ्या देशावर त्याच्या राज्यकारभाराविषयी घातलेल्या अटी. जकात, चलन, शेतमालाचे भाव यांविषयीच्या अटी आर्थिक समजतात. निवडणुका मोकळ्या होतात का, न्यायाधीश कोण नेमतो, फाशीची शिक्षा चालू आहे का, अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना शाळा कोणत्या भाषेतून मिळते आणि शेजाऱ्याशी सीमेचे भांडण मिटले आहे का, हे प्रश्न राजकीय अटींत येतात.

यांतले शेवटचे दोन बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाहीत, म्हणून या नोंदीत भर त्यांच्यावरच आहे. एक फरक मात्र आधीच नोंदवायला हवा. भारतातले घटकराज्य म्हणजे देश नव्हे आणि १९५६ ची राज्यपुनर्रचना म्हणजे कुणाचा कुठल्या संघात प्रवेश नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद ३ नुसार राज्यांच्या सीमा संसद ठरवते. संबंधित विधानमंडळाचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा म्हैसूरने आधी काही करून दाखवावे असा प्रसंगच आला नाही.

उगम. युरोपीय आर्थिक समुदाय स्थापणाऱ्या १९५७ च्या रोम करारात प्रवेशाचे कलम जेमतेम एका ओळीचे होते : कोणत्याही युरोपीय राष्ट्राला अर्ज करता येईल. लोकशाहीचा त्यात उल्लेख नव्हता. प्रश्न उभा राहिला १९६२ मध्ये, हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनने सहसंबंधाची, म्हणजे पूर्ण सदस्यत्वाविना समुदायाशी जोडून घेण्याची, विनंती केली तेव्हा. त्याच्या थोडेच आधी, जानेवारीत, युरोपीय संसदसभेपुढे विली बिर्केलबाख यांचा अहवाल आला होता. ज्या देशात लोकांना मोकळेपणाने सरकार निवडता येत नाही त्याला आत घेऊ नये, असा त्याचा आशय. स्पेन बाहेरच राहिला. ग्रीसचा सहसंबंध करार झाला होता, पण १९६७ मध्ये लष्कराने सत्ता घेताच तो गोठवला गेला. हुकूमशाही गेल्यावर ग्रीस १९८१ मध्ये आणि स्पेन व पोर्तुगाल १९८६ मध्ये सदस्य झाले.

लेखी निकष आले ते सोव्हिएत गट कोसळल्यावर, या समुदायाच्या (त्याचाच पुढे युरोपीय संघ झाला) जून १९९३ च्या कोपनहेगन परिषदेत. लोकशाही, कायद्याचे राज्य, मानवी हक्क आणि अल्पसंख्याकांचा आदर व संरक्षण यांची हमी देणाऱ्या स्थिर संस्था अर्जदार देशात असाव्यात, ही त्यांतली राजकीय अट. ‘कोपनहेगन निकष’ म्हणून ती ओळखली जाते. गंमत अशी की अल्पसंख्याकांचे हे कलम तेव्हा संघाच्या स्वतःच्या मूळ करारात नव्हते. ते आले लिस्बन करारातून, २००९ मध्ये. प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांच्या युरोपीय सनदेवर फ्रान्सने १९९९ मध्ये सही केली, पण तिला मान्यता कधी दिली नाही. दाराबाहेरच्यांना जे विचारले जात होते, ते घरातल्यांना कुणी विचारत नव्हते.

चालवण्याची रीत. अर्ज, उमेदवार देशाचा दर्जा, मग कायद्यांच्या प्रकरणवार वाटाघाटी. अलीकडच्या वाटाघाटींत अशी ३५ प्रकरणे असतात. न्यायव्यवस्था व मूलभूत हक्कांचे २३ वे आणि अंतर्गत सुरक्षेचे २४ वे प्रकरण हल्ली आधी उघडतात व शेवटी मिटवतात. प्रत्येक महत्त्वाच्या पायरीला सर्व सदस्यांचे एकमत लागते. म्हणजे लेखी अटी सगळ्यांना सारख्या असल्या, तरी शेजारी सदस्य असेल तर त्याची एक खासगी अट वरून येऊन बसते.

भाषेची अट : स्लोव्हाकियाचे उदाहरण. या देशाच्या दक्षिण कडेला, डॅन्यूब नदीलगत, हंगेरियन भाषकांची सलग वस्ती आहे. १९९० च्या दशकात देशाच्या लोकसंख्येत ते सुमारे एक दशांश होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या त्रियानों करारात सीमा आखली गेली आणि माणसे होती तिथेच पलीकडच्या राज्यात गेली. नदीकाठचे एक शहर तर दोन भागांत विभागले : उत्तरेला कोमार्नो, दक्षिणेला कोमारोम.

पंतप्रधान मेचियार यांच्या सरकारने १९९५ मध्ये राजभाषेचा कायदा केला आणि सरकारदरबारी हंगेरियनची जागा आक्रसली. संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने १९९७ मध्ये अर्जदार देशांची छाननी केली, तेव्हा राजकीय निकषांत नापास झालेला देश एकच होता, स्लोव्हाकिया. पहिल्या फेरीतून तो वगळला गेला. १९९८ च्या निवडणुकीत मेचियार गेले, नव्या सरकारात हंगेरियन भाषकांचा पक्षही आला आणि जुलै १९९९ मध्ये कायदा झाला : ज्या गावात अल्पसंख्य भाषक किमान २० टक्के, तिथे त्यांच्या भाषेत सरकारी अर्ज करता येईल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्लोव्हाकियाला वाटाघाटींचे बोलावणे आले. १ मे २००४ रोजी तो आणि हंगेरी एकाच दिवशी सदस्य झाले.

टक्केवारीचा हा हिशेब आपल्याकडे पाठ आहे. केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनावर आधारलेल्या योजनेनुसार, एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही काढायचे असतात. प्राथमिक शाळेसाठी वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले हे माप तर १९४९ चे. त्यावर अनुच्छेद ३५०-अ आहे आणि ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांचा आयुक्त आहे, ज्याचे एक विभागीय कार्यालय वर्षानुवर्षे बेळगावातच होते. म्हणजे कागद कमी नाहीत. तरीही ‘मराठीतून कागदपत्रे द्या’ ही सीमाभागातली मागणी दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते. जत-अक्कलकोटकडच्या कन्नड शाळांच्या तक्रारीही याच जातीच्या आहेत. आयुक्त अहवाल पाठवू शकतो, राज्याला अडवू शकत नाही. स्लोव्हाकियाला १९९७ मध्ये अडवता आले, कारण तो अजून बाहेर होता.

आत गेल्यावर काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. २००९ मध्ये स्लोव्हाकियाने राजभाषेचा कायदा पुन्हा कडक केला आणि उल्लंघनाला १०० ते ५,००० युरो दंड ठेवला. लग्नाच्या याद्या होईपर्यंतचा धाक अक्षता पडल्यावर उरत नाही, तसाच हा प्रकार. अर्थात कथा एवढ्यावर थांबत नाही. २०१० मध्ये आलेल्या वेगळ्या सरकारने २०११ मध्ये दंडाची तरतूद सौम्य केली आणि अल्पसंख्य भाषेच्या वापराचे माप २० वरून १५ टक्क्यांवर आणले, मात्र सलग दोन जनगणनांत तेवढी संख्या दिसायला हवी अशी जोड देऊन. या वेळी बाहेरच्या अटीपेक्षा आतली मतपेटी कामी आली.

लात्व्हियातही चढउतार असाच. रशियन भाषकांना नागरिकत्व मिळणे सोपे करणारी दुरुस्ती १९९८ च्या सार्वमतात संमत झाली, देश २००४ मध्ये संघात गेला आणि २०१८ मध्ये माध्यमिक शाळांतून रशियन माध्यम टप्प्याटप्प्याने काढण्याचा कायदा आला.

सीमेची अट. प्रवेश हवा असेल तर शेजाऱ्याच्या जमिनीवरचा दावा सोडा आणि शेजाऱ्याने तुमच्या भाषकांना हक्क द्यावेत, असा सौदा १९९० च्या दशकात मध्य युरोपात ठरला. हंगेरीने १९९५ मध्ये स्लोव्हाकियाशी आणि १९९६ मध्ये रुमानियाशी असे करार केले. सीमा गोठवायची, भाषा मोकळी करायची. आपल्याकडे असे बोलणे कुणी पुढे रेटले नाही. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला व २४७ गावे कर्नाटकाला सुचवली आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमेचा निकाल लागेपर्यंत भाषेची बाजू मात्र लोंबकळत राहते, कारण मराठीला दिलेली प्रत्येक सवलत म्हणजे दाव्याची कबुली ठरेल अशी एका बाजूला भीती आणि ती स्वीकारणे म्हणजे दावा सोडणे असा दुसऱ्या बाजूला संशय. येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक २०१४ मध्ये पाडला गेला तो याच ताणातून.

एकमताच्या नियमाचा शेजाऱ्याने कसा वापर करावा, याची हद्द उत्तर मॅसिडोनियाने पाहिली. २००५ पासून उमेदवार असलेल्या या देशाला ग्रीसने ‘मॅसिडोनिया’ या नावावरून अडवले. ग्रीसशी झालेल्या २०१८ च्या प्रेस्पा करारानंतर देशाने स्वतःचे नाव बदलले. मग २०२० मध्ये बल्गेरियाने नकाराधिकार वापरला : मॅसिडोनियन ही स्वतंत्र भाषा नसून बल्गेरियनची बोली आहे, असे त्याचे म्हणणे. बोली की भाषा हा वाद बेळगावला नवा नाही. कारवार-हल्याळवरच्या महाराष्ट्राच्या दाव्यात कोकणीबद्दल हेच विचारले गेले होते. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. पण इकडे त्या उत्तरावर कुणाचा प्रवेश अडलेला नव्हता. मॅसिडोनियाची मात्र दोन दशके अशा प्रश्नांत गेली, आणि कोपनहेगन निकषांत त्यांपैकी एकही नव्हता.

प्रवेशानंतर. अट मोडणाऱ्या सदस्यावर करारातील कलम ७ खाली कारवाई करता येते, पण मताधिकार काढण्याआधी उरलेल्या साऱ्या सदस्यांचे एकमत लागते. पोलंडविरुद्ध ती २०१७ मध्ये आणि हंगेरीविरुद्ध २०१८ मध्ये सुरू झाली. मताधिकार कुणाचाच गेला नाही. पैशाचा लगाम जास्त चालतो. डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे ६.३ अब्ज युरो रोखले गेले. त्याच हंगेरीने पुढे पश्चिम युक्रेनमधल्या झाकारपात्यातल्या हंगेरियन भाषकांच्या शाळांचा प्रश्न पुढे करून युक्रेनची वाट अडवली. कारण खरे होते की निमित्त, यावर मतभेद आहेत, बहुधा दोन्ही.

इतर संघ. दक्षिण अमेरिकेतल्या मेर्कोसुरने १९९८ च्या उश्वाया पूरक करारात लोकशाहीचे कलम घातले आणि २०१२ मध्ये पॅराग्वेला निलंबित केले. आग्नेय आशियातल्या आसियानने १९९७ मध्ये लष्करी राजवटीतल्या म्यानमारला घेतले, पण कंबोडियाला तिथल्या सत्तापालटामुळे थांबवून १९९९ मध्ये आत घेतले. आपल्या सार्कची तऱ्हा न्यारी : १९८५ च्या सनदेतच द्विपक्षीय आणि वादग्रस्त प्रश्न चर्चेला घ्यायचे नाहीत असे लिहिले आहे. अफगाणिस्तान २००७ मध्ये सदस्य झाला.

कोमार्नोचा पूल. २१ डिसेंबर २००७ पासून या पुलावरची तपासणी बंद झाली. २१ ऑगस्ट २००९ रोजी हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष लास्लो शोयोम पलीकडे संत स्टीफनच्या पुतळ्याच्या अनावरणाला निघाले असता स्लोव्हाकियाने त्यांना प्रवेश नाकारला, आणि ते पुलावरूनच मागे फिरले. हंगेरीने युरोपीय न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल स्लोव्हाकियाच्या बाजूने लागला : सामान्य नागरिकाला असलेले मुक्त संचाराचे स्वातंत्र्य राष्ट्रप्रमुखाला त्याच्या पदामुळे तसेच्या तसे लागू होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचे सीमाप्रश्नाचे दोन समन्वयक मंत्री बेळगावला येणार होते. कर्नाटकाने हरकत घेतली आणि तो दौरा झाला नाही. त्या काळातही सीमेवरच्या कोगनोळी आणि शिनोळीवरून भाजी, दूध आणि कॉलेजची पोरे दोन्हीकडे जात-येत होती.