गरोदरपणात रक्ताच्या गुठळीपासून बचाव: गोळी नाही, इंजेक्शनच का?

बाळंतपणात रक्त फार जाऊ नये म्हणून गरोदर स्त्रीचं रक्त लवकर गोठू लागतं. याच तयारीमुळे पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका चार-पाच पटींनी वाढतो. गुठळी बहुतेकदा डाव्या पायात होते, कारण ओटीपोटात डावीकडच्या शिरेवरून उजवीकडची धमनी आडवी जाते आणि वाढत्या गर्भाशयाने तिथला दाब आणखी वाढतो. एकच पाय सुजला, पोटरी किंवा मांडी दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली, छातीत कळ आली तर थेट हॉस्पिटल गाठा.

प्रतिबंधक औषध प्रत्येकीला लागत नाही. पूर्वी गुठळी झालेल्यांना मात्र ते बहुधा सुरू करतातच. रक्त गोठू न देणारी वॉरफरिनची गोळी वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचते. 6 ते 12 आठवड्यांत तिने नाकाची आणि हाडांची वाढ बिघडू शकते, पुढे बाळाला रक्तस्रावाचीही भीती असते. हेपॅरिन हे त्याच कामाचं इंजेक्शन. त्याचा रेणू मोठा, तो वार ओलांडत नाही. म्हणून रोजची सुई. (हृदयात धातूची झडप असेल तर हिशेब वेगळा, तिथे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतात.)

एनॉक्सापॅरिन या हेपॅरिनच्याच प्रकाराचा प्रतिबंधक डोस 50 ते 90 किलो वजनाला साधारण दिवसाला 40 मिलिग्रॅम असतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी करावा लागतो. बेंबीपासून चार बोटं दूर, पोटाच्या कडेला कातडीची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची, औषध सावकाश सोडायचं आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमटी सोडायची नाही. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका. तो काढताना औषधही सांडतं. टोचल्यावर चोळलं की काळानिळा डाग मोठा होतो. रोज बाजू बदला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेचा. कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या तर पुढची सुई घेऊ नका, आधी हॉस्पिटलला फोन करा. प्रतिबंधक डोसनंतर 12 तास आणि उपचाराच्या मोठ्या डोसनंतर 24 तास गेल्याशिवाय पाठीत भुलीचं इंजेक्शन देत नाहीत, कारण मणक्यात रक्त साचून पाय लुळे पडू शकतात. म्हणून शेवटच्या सुईची वेळ फाइलवर लिहून ठेवा.

बाळ झालं की सुया संपल्या, असं अनेक घरांत धरून चालतात. धोका सर्वाधिक असतो तो नेमका बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, त्यातही सिझेरियननंतर. पूर्वी गुठळी झालेलीला सहा आठवडे औषध लागतं. बाळंतिणीला सव्वा महिना अंथरुणावर ठेवण्याची पद्धत इथे घातक ठरते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पहिल्या दिवसापासून तिला चालू द्या. अंगावर पाजताना हेपॅरिन चालतं, वॉरफरिनही चालतं.