न्हाणीघराच्या फरशीतील सांध्यांचे तडे

न्हाणीघरातील टाइल्समधल्या फटी भरण्यासाठी जो मसाला वापरतात त्याला ग्राउट म्हणतात. हा भराव भेगाळणे, भुसभुशीत होणे किंवा पापुद्र्यासारखा सुटणे ही घराघरांतली तक्रार आहे. सिमेंटचे ग्राउट दाब सोसते, ताण सोसत नाही. खालचा थर केसभर हलला तरी आधी सांधा फाटतो. म्हणून तडा भरायला घेण्यापूर्वी तो नेमका कुठे गेला आहे, हे पाहणे फार महत्त्वाचे.

एकाच टाइलच्या चारही बाजूंचा सांधा सुटला असेल, तर ती टाइल बहुधा पोकळ बसलेली असते. नाण्याने ठोकल्यावर बद्द आवाज येतो. चार कोपऱ्यांत आणि मध्ये मालाचे गोळे ठेवून टाइल दाबून बसवली की अशी पोकळी राहते. पाय दिल्यावर सांध्यातून पाण्याचा थेंब वर येत असेल, तर खालचा थरही पाण्याने भरलेला समजावा. अशा ठिकाणी वरून कितीही वेळा ग्राउट भरले तरी ते टिकत नाही. टाइल काढून नव्याने बसवावी लागते.

तडा सरळ रेषेत अनेक टाइल्स ओलांडून गेला असेल, तर दोष आणखी खाली असू शकतो. महाराष्ट्रातील असंख्य सदनिकांत न्हाणीघराचा स्लॅब बाजूच्या खोलीपेक्षा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वर कोबा करतात. या भरावात बांधकामाचा राडारोडा टाकला किंवा तो नीट ठोकला नाही, तर पुढे तो दबतो आणि फरशीही खचते. भराव घालण्यापूर्वी स्लॅबचे वॉटरप्रूफिंग करून पाणी साठवून चाचणी घेणे आवश्यक असते, कारण सिमेंटचे ग्राउट पाणी पूर्णपणे अडवत नाही.

भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथला तडा वेगळा. दोन्ही पृष्ठभाग तापमानाने आणि ओलाव्याने स्वतंत्रपणे हलतात. त्या कोपऱ्यात कडक ग्राउट न भरता लवचिक सिलिकॉन सीलंट भरावे. कमोडच्या बुडाशीही हाच नियम.

काही तडे मात्र ग्राउट भरतानाच्या चुकीमुळे जातात. भरायला सोपे जावे म्हणून पाणी जास्त घातले, की ते उडून गेल्यावर ग्राउट आकसते आणि आठवडाभरातच बारीक भेगा दिसू लागतात. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालून कालवणे तर त्याहून वाईट. टाइलला टाइल भिडवून लावण्याचा घरमालकांचा हट्टही नुकसान करतो: फटच नसल्याने पांढऱ्या सिमेंटचा नुसता लेप वर बसतो आणि झाडूने निघून जातो. निदान 2 ते 3 मिमी फट स्पेसर (टाइल्सच्या मध्ये ठेवायचे प्लास्टिकचे छोटे तुकडे) लावून राखावी. त्याहून रुंद सांध्यासाठी वाळूमिश्रित ग्राउट घ्यावे, म्हणजे आकसणे कमी होते. टाइल बसवल्यावर सहसा 24 तास थांबून सांधा झाडून घ्यावा, रबरी थापीने ग्राउट खोलवर दाबावे आणि सिमेंटचे ग्राउट एक-दोन दिवस ओलसर ठेवावे.

एपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी कृत्रिम राळेपासून केलेला मसाला) महाग आहे, लवकर घट्ट होते आणि टाइलवरचा थर वेळेत पुसला नाही तर निघता निघत नाही. तरी रोज ओल्या राहणाऱ्या जमिनीसाठी ते अधिक योग्य. ते पाणी जवळजवळ शोषत नाही आणि साफसफाईच्या अॅसिडला सिमेंटपेक्षा पुष्कळ चांगले तोंड देते. मात्र हलणाऱ्या टाइलला तेही धरून ठेवू शकत नाही. सिमेंटचे सांधे असतील तिथे अॅसिड टाळावे. ते पांढरे डाग काढते तसे सिमेंटही विरघळवते.

दुरुस्ती करताना जुन्या ग्राउटवर नवा हात फिरवू नये. टाइलच्या जाडीच्या सुमारे दोन तृतीयांश खोलीपर्यंत जुना मसाला खरवडून काढावा, धूळ पुसावी, सांधा पूर्ण वाळू द्यावा आणि मगच नवे ग्राउट भरावे. घरात एकच न्हाणीघर असेल, तर हे काम दोन-तीन दिवस दुसरीकडे आंघोळीची सोय करूनच काढावे.