उजवा डोळा, डावा मेंदू? नाही!

‘उजव्या डोळ्याचं डाव्या मेंदूत, डाव्याचं उजव्या मेंदूत’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. विभागणी डोळ्यांची नसून दृश्याची असते. दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू मेंदूच्या उजव्या अर्ध्यात पोहोचते, कारण प्रत्येक डोळ्याच्या फक्त नाकाकडच्या अर्ध्या पडद्याचे तंतू वाटेत पलीकडे जातात.

म्हणूनच पक्षाघातात डोक्यामागचा उजवा दृष्टिभाग निकामी झाला, तर दोन्ही डोळ्यांची डावी बाजू हरपते. रुग्ण डावीकडच्या दारावर आदळतो आणि घरचे मात्र चष्म्याचा नंबर तपासत बसतात! हे पाहून जीव तुटतो. अशा वेळी एकेक डोळा झाकून पाहा: दोन्हींना डावीकडचं दिसत नसेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.