तगाईपासून रोपाच्या हप्त्यापर्यंत

माती-पाणी राखण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती सरकारचा पैसा येणं बेळगाव भागाला नवं नाही. फक्त तो आधी कर्ज म्हणून आला. 1876-78 च्या दुष्काळानंतर 1883 चा जमीन सुधारणा कर्ज कायदा झाला आणि विहीर, ताल, बांध यांसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळू लागली. हप्ता थकला की वसुली शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी. फायदा गावाच्या ओढ्याला झाला तरी बोजा एकाच्याच जमिनीच्या उताऱ्यावर.

1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानं पुढचं पाऊल टाकलं. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यातच होतं. उताराला आडवे, एकाच पातळीवर जाणारे समपातळी बांध सरकार घालायचं. खर्चाचा काही भाग सरकार सोसायचं, उरलेला शेतकऱ्याकडून हप्त्यानं घ्यायचं. हलक्या जमिनीत हे बांध टिकले. जिल्ह्यातल्या अथणीकडच्या भारी काळ्या रानात मात्र घोटाळा झाला: पाणी मुरायला वेळ लागतो, बांधामागं तुंबतं, पीक पिवळं पडतं आणि एका मोठ्या पावसात बांध फुटतो. तिथं शंभर मीटरला 20 ते 40 सेंटीमीटर ढाळ देऊन पाणी दगडी सांडव्यातून काढून द्यावं लागतं. दुसरी अडचण वाटणीची. समपातळी रेषा भावकीच्या हद्दी पाळत नाही. बांध एकाच्या पट्टीत तिरका येतो आणि दोन-चार नांगरटीत तो झिजवला जातो. घालायला पैसा होता, राखायला नव्हता. पुढच्या बहुतेक पाणलोट योजनांचं दुखणंही हेच.

या रीतीला छेद दिला तो कर्नाटकच्या कृषी अरण्य प्रोत्साह योजनेनं, 2011 मध्ये. वनखात्याच्या रोपवाटिकेतून सवलतीत रोप घ्यायचं आणि ते जगलं तरच पैसे. सुरुवातीला रक्कम कमी होती. पुढं ती जगलेल्या प्रत्येक रोपामागं पहिल्या वर्षाअखेर 35, दुसऱ्या 40, तिसऱ्या 50 रुपये अशी झाली. तिन्ही वर्षं 80 रोपं जगली तर दहा हजार रुपये. शेवटचा हप्ता सर्वांत मोठा ठेवला, हे शहाणपणाचं. निलगिरी, अकेशिया, सिल्व्हर ओक, सुरू यांना पैसे नाहीत.

रोपं मरतात ती ठरावीक कारणांनी. घाटाकडच्या, भरपूर पावसाच्या खानापुरात ऐन जुलैत लावलेल्या रोपाच्या खड्ड्यात पाणी साचून मूळ कुजतं, म्हणून जूनच्या पहिल्या पावसांतच लावून बुंध्याशी मातीची भर द्यायची. कोरड्या अथणीत पहिला उन्हाळाच परीक्षा घेतो. उसाच्या कडेला लावलेली रोपं पाचट पेटवताना होरपळतात. कागदाचं वेगळंच: उतारा अजून आजोबांच्या नावावर, पोडी (मोजणी करून जमिनीची कागदोपत्री फोड) झालेली नाही, आणि झाडं लावणारा तिसराच भाऊ. मग हप्ता अडकतो. पुढं झाड तोडायला 1976 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागेल या धास्तीनं कित्येक जण बांधावर झाड वाढूच देत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

पाण्याचा हिशोब अजून सुरूच झालेला नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, सौंदत्तीजवळच्या धरणात साठते, तिचं पाणी हुबळी-धारवाडला जातं. वरच्या उतारावर झाडी राखणाऱ्याला त्या पाण्यापोटी मोबदला नाही. धरणातला गाळ मोजता येतो. तो कोणत्या सर्व्हे नंबरातून आला हे सांगता येत नाही. कोस्टा रिकानं 1997 पासून इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्यांना पैसे देताना म्हणूनच पाणी मोजत न बसता राखलेल्या जंगलाचे हेक्टर मोजले.